टाळेबंदीतल्या सतरा लाख हरकती

मार्च 2020 च्या शेवटच्या आठवड्यात दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयातून दोन कागद बाहेर पडले. पहिला 23 मार्चचा. तो पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे ज्याला सगळे ईआयए म्हणतात त्या प्रक्रियेच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा होता. दुसरा 28 मार्चचा. तो मसुदा नव्हताच, थेट अंतिम अधिसूचना होती आणि तिने जुन्या नियमांत काही सवलती घुसवल्या. या दोन तारखांच्या मधे, 24 मार्चच्या रात्री, देशाला टाळं लागलं. पहिल्या कागदावर पुढच्या साडेचार महिन्यांत सुमारे सतरा लाख हरकती आणि सूचना गोळा झाल्या, आणि त्यातला फार मोठा वाटा घरात अडकलेल्या विद्यार्थ्यांनी समाजमाध्यमांवरून उभ्या केलेल्या मोहिमेचा होता. दुसऱ्या कागदाकडे फारसं कुणी ढुंकून पाहिलं नाही. तरुणांच्या डिजिटल चळवळींचा इतिहास सांगताना सगळे पहिल्या कागदाची गोष्ट सांगतात. ती सांगण्यासारखी आहेच, पण दुसरा कागद शेजारी ठेवल्याखेरीज तिचा अर्थ लागत नाही.

मुळात हरकत घ्यायची सोय आली कुठून, ते आधी पाहू. भोपाळच्या वायुकांडानंतर दीड वर्षाने, 1986 मध्ये, पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्याच वर्षी त्याचे नियमही आले. त्यातल्या पाचव्या नियमाचं तिसरं उपकलम सांगतं की उद्योगांवर निर्बंध घालणारी अधिसूचना काढण्याआधी सरकारने आपला इरादा राजपत्रात छापावा, हरकतींसाठी 60 दिवस द्यावेत आणि आलेल्या हरकतींचा विचार करावा. 1994 ची पहिली ईआयए अधिसूचना, 1997 मध्ये तिला जोडलेली सक्तीची जनसुनावणी, आणि 2006 ची नवी अधिसूचना, सगळी याच कायद्याची लेकरं. म्हणजे नागरिकाला बोलायला दार होतं, पण ते वापरायचे कोण? काही पर्यावरण संस्था, काही वकील आणि ज्यांचं हित अडकलंय ते उद्योजक. महाराष्ट्रात वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ हे वाक्य तोंडपाठ असतं, आणि ते वाचून पान उलटायची सवयही असते. नगरविकास आराखड्यापासून गटाराच्या कामापर्यंत सगळ्या सूचना त्याच साच्यातल्या, आणि मुदत संपल्यावरच कुणाला तरी आठवणाऱ्या.

ही सवय मोडल्याची मोठी खूण 2020 च्या आधीच, आणि मुंबईतच दिसली होती. मेट्रो-3 च्या कारशेडसाठी आरे वसाहतीतली झाडं तोडायच्या प्रस्तावावर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे 82,000 हून अधिक हरकती गेल्या. एवढ्या हरकती पालिकेच्या खिडकीत रांग लावून येत नाहीत. त्या व्हॉट्सॲपवरच्या तयार मजकुरातून आणि एका दाबाने उघडणाऱ्या ईमेलमधून आल्या. ऑगस्ट 2019 मध्ये प्राधिकरणाने तरीही परवानगी दिली. 4 ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. बातमी फोनवरून पसरली, तरुण पोरं अंधारात आरेकडे धावली, जमावबंदी लागली, 29 जणांना अटक झाली. दोन दिवसांत 2,141 झाडं पडली. मग कायद्याच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना लिहिलेलं पत्र हीच याचिका मानून सर्वोच्च न्यायालयाने दसऱ्याच्या सुट्टीत, 7 ऑक्टोबरला, खास खंडपीठ बसवलं आणि पुढची तोड थांबवली. तोवर तोडायचं ते बहुतेक तोडून झालं होतं. आरेतून दोन गोष्टी दिसल्या. हजारो हरकती आल्या म्हणून निर्णय बदलतोच असं नाही. पण बरोबर जागी पोचलेलं एक पत्र निर्णय अडवू शकतं. मुंबईतल्या ज्या मुलांनी 2019 मध्ये हे पाहिलं, त्यांना पुढच्या वर्षीच्या मसुद्याची भाषा परकी राहिली नव्हती.

आता त्या मसुद्यात होतं काय? जनसुनावणीआधी अहवाल वाचायला मिळणारी 30 दिवसांची मुदत 20 वर आणली होती. कितीतरी प्रकल्प जनसुनावणीच्या कक्षेबाहेर काढले होते. सरकारने ‘सामरिक’ म्हटलेल्या प्रकल्पांची माहिती लोकांसमोर ठेवायची गरज उरत नव्हती. प्रकल्पाने अटी पाळल्या की नाही याचा अहवाल वर्षातून दोनदा द्यावा लागे, तो एकदाच पुरणार होता. सगळ्यांत वादग्रस्त म्हणजे, परवानगी न घेता आधी बांधून टाकलेल्या प्रकल्पांना दंड भरून मागाहून परवानगी मिळवायची कायमची वाट त्यात आखून दिली होती. हे उल्लंघन उघडकीला आणायचं कुणी? प्रकल्पवाल्याने स्वतः, एखाद्या सरकारी यंत्रणेने, किंवा परवानगी देणाऱ्या समितीने. ज्याच्या विहिरीत काळं पाणी उतरतं त्या माणसाचं नाव या यादीत कुठेच नव्हतं. मागाहून दिलेली परवानगी पर्यावरण कायद्याच्या मुळावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या औषध कारखान्यांच्या एका खटल्यात 1 एप्रिल 2020 रोजीच सांगितलं होतं. तो निकाल न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला होता. त्यानंतर दहाच दिवसांनी, 11 एप्रिलला, हाच मसुदा राजपत्रात छापून आला.

एरवी असा मसुदा वाचायला कुणाला वेळ असतो! पण बाहेर जे घडत होतं ते जणू त्याच्यावरचं भाष्यच होतं. 7 मे च्या पहाटे विशाखापट्टणमजवळ एलजी पॉलिमर्सच्या कारखान्यातून स्टायरीन वायू सुटला आणि माणसं रस्त्यात कोसळली. हा कारखाना वैध पर्यावरण परवानगी नसतानाच चालत आला होता, आणि कंपनीनेच वर्षभर आधी प्रतिज्ञापत्रात तसं मान्य केलं होतं. महिनाअखेरीस आसामात बाघजान इथे तेलविहीर फुटली आणि जूनमध्ये पेटली. दिब्रू-सैखोवाचं राष्ट्रीय उद्यान तिथून हाकेच्या अंतरावर. मागाहून परवानगी म्हणजे नक्की काय, हे समजावून सांगायला आता कुणा तज्ज्ञाची गरज उरली नाही.

मोहीम चालली कशी, ते जवळून पाहण्यासारखं आहे. मसुदा तब्बल ऐंशीहून अधिक पानांचा, इंग्रजी सरकारी भाषेतला, कलमांची जंत्री. त्याची फोड करून कुणी इन्स्टाग्रामवर आठ-दहा चौकटी करायचं. पहिल्या चौकटीत मोठ्या अक्षरात एक प्रश्न, पुढच्या प्रत्येकीत एक बदल, जुना नियम डावीकडे आणि नवा उजवीकडे, आणि शेवटच्या चौकटीत मंत्रालयाचा ईमेल पत्ता आणि मुदतीची तारीख. ‘लेट इंडिया ब्रीद’, ‘देअर इज नो अर्थ बी’ आणि ‘फ्रायडेज फॉर फ्यूचर’ या हवामान-चळवळीची भारतीय शाखा यांच्या संकेतस्थळांवर एक बटण होतं. ते दाबलं की फोनमधलं मेल उघडायचं, पत्ता भरलेला, विषय भरलेला, खाली मजकूरही तयार. पाठवणाऱ्याने नाव आणि गाव लिहायचं, जमलं तर आपल्या परिसराबद्दल दोन ओळी घालायच्या आणि पाठवायचं. घोषणा नाही, मोर्चा नाही, बहुतेकांना चेहराही नाही. सतरा-अठरा वर्षांचं पोर परीक्षा पुढे ढकलल्या गेल्याच्या मोकळ्या दुपारी केंद्र सरकारकडे वैधानिक हरकत नोंदवत होतं. मताचा अधिकारही नसलेल्यांना ही नोंद करता येत होती, कारण नियम पाच वय विचारत नाही.

यावर सरकारची जी प्रतिक्रिया आली ती या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट आहे. जुलै 2020 मध्ये दिल्ली पोलिसांच्या सायबर शाखेने ‘फ्रायडेज फॉर फ्यूचर इंडिया’च्या संकेतस्थळाचं नाव नोंदवणाऱ्या कंपनीला नोटीस धाडली. तीत बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्याचं, यूएपीएचं, कलम 18 लावलं होतं, जे दहशतवादी कृत्याच्या कटासाठी आहे. संकेतस्थळ बंद पडलं. बाकीच्या दोन मोहिमांचीही संकेतस्थळं त्याच सुमारास दिसेनाशी झाली. बातमी फुटून वकिलांची पत्रं गेल्यावर पोलिसांनी खुलासा केला की कलम चुकून पडलं. ती नोटीस मागे घेऊन माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली दुसरी काढली, पुढे तीही गेली आणि महिनाअखेरीस संकेतस्थळ पुन्हा सुरू झालं. मूळ तक्रार काय होती? तर पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्या ईमेलवर ‘ईआयए 2020’ अशा विषयाच्या खूप मेल येत आहेत. यावर हसावं की रडावं ते कळत नाही. सरकारने स्वतःच हरकती मागवल्या होत्या, विषयही सरकारच्याच मसुद्याचा. मागवलेलं येऊ लागल्यावर त्याची गणना उपद्रवात, आणि काही दिवस तर दहशतीत झाली.

चूक होती असं गृहीत धरलं तरी हा प्रश्न उरतोच की एवढी चलबिचल कशाने झाली. त्या वर्षी समाजमाध्यमांवर सरकारविरुद्ध याहून कितीतरी कडक मजकूर फिरत होता. हॅशटॅग रोज उगवत आणि रोज मावळत. त्यांच्याकडे सरकार दुर्लक्ष करू शकतं, कारण हॅशटॅगला आवक क्रमांक पडत नाही. वैधानिक मुदतीत आलेल्या ईमेलला पडतो. ती नोंद होते, तिचा विचार करणं नियमाने बंधनकारक असतं, आणि विचार केला नाही तर उद्या न्यायालयात कुणीतरी ती पुढे ठेवू शकतं. माझं म्हणणं असं की 2020 च्या या मुलांचं खरं कर्तृत्व गाजावाजा करण्यात नव्हतं. त्यांनी गाजावाज्याला दप्तराचं रूप दिलं, आणि लाखो लोकांना कायद्याच्या एका विस्मरणात गेलेल्या उपकलमापर्यंत आणून सोडलं. समाजमाध्यमावरचं वापरकर्तेपण आणि नागरिकपण यांत काही फरक असेल तर तो इथे पाहावा. ही मोहीम जिथे यशस्वी झाली आणि जिथे पडली, ती दोन्ही ठिकाणं याच मुद्द्याने उलगडतात.

पहिला आक्षेप येतो तो वर्गाचा. ही सारी शहरी, इंग्रजी शाळांतली, हातात स्मार्टफोन असलेली मुलं. ज्यांच्या जमिनीवर खाणी येणार ते आदिवासी आणि मच्छीमार इन्स्टाग्रामवर नव्हते, आणि टाळेबंदीत त्यांना बाहेरही पडता येत नव्हतं. आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. पण हा दोष मोहिमेने झाकला नाही, उलट त्यालाच हत्यार केलं. देशभरातल्या लोकांवर परिणाम करणारा मसुदा फक्त इंग्रजी आणि हिंदीत कसा, हा प्रश्न न्यायालयात गेला. 30 जून 2020 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या 22 भाषांत मसुद्याचं भाषांतर करून संकेतस्थळांवर ठेवायला सांगितलं आणि हरकतींची मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली. ऑगस्टच्या सुरुवातीला कर्नाटक उच्च न्यायालयाने, कन्नडमध्ये पुरेशी प्रसिद्धीच झाली नाही म्हणून, अंतिम अधिसूचना काढायला काही काळ मनाई केली. त्या खंडपीठावर मुख्य न्यायमूर्ती होते ठाण्याचे अभय ओक, आणि हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. केंद्र मात्र भाषांतराच्या आदेशाविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. कोकणातल्या माणसाने आपल्या खाडीबद्दलचा नियम मराठीत वाचावा, एवढ्या साध्या गोष्टीसाठी वरच्या न्यायालयात भांडायची वेळ यावी हे जरा विचित्रच. दरम्यान मसुद्याचे सारांश तरुणांनी आपापल्या भाषांत करून फिरवले, सरकारी भाषांतराची वाट न पाहता. तरीही ही दरी बुजली असं म्हणता येणार नाही. इंग्रजी येणाऱ्यांनी इंग्रजी न येणाऱ्यांचा हक्क न्यायालयातून मिळवून दिला, पण तो हक्क वापरण्याइतके दिवस नंतर उरले नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. सतरा लाखांतल्या कितीतरी हरकती शब्दशः सारख्या होत्या. बटण दाबून पाठवलेला तयार मजकूर म्हणजे मत नव्हे, नक्कल आहे, असं बरेच अधिकारी आणि काही संपादकही म्हणत होते. याला एक सरळ उत्तर आहे. सह्यांच्या निवेदनावर हजार सह्या असल्या तरी मजकूर एकच असतो. जनसुनावणीत गावातली पन्नास माणसं उठून ‘आम्हाला प्रकल्प नको’ हेच वाक्य म्हणतात, आणि त्यांची मतं पन्नासच मोजली जातात. कायद्याने शैली मागितलेली नाही. पण हे उत्तर पूर्ण नाही. आलेल्या हरकतींचं विश्लेषण करायचं काम नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे गेलं. एखाद्या शास्त्रीय संस्थेसमोर लाखो सारखी पत्रं ठेवली तर ती त्यांची वर्गवारी करणार आणि सगळ्यांचा मिळून एक मुद्दा होणार, हे उघड आहे. आकडा वर्तमानपत्राला मोठा वाटतो, विश्लेषकाला नाही. त्यामुळे संख्येने मोहिमेला मिळाली ती राजकीय किंमत. युक्तिवादाचं वजन तिला दुसरीकडून आणावं लागणार होतं.

ते वजन कसं आणायचं, हे त्याच वर्षी गोव्यात दिसलं. मोलेचं राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेलं भगवान महावीर अभयारण्य यांतून तीन प्रकल्प एकाच वेळी जाणार होते: दक्षिण-पश्चिम रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं चौपदरीकरण आणि 400 केव्हीची वीजवाहिनी. तिन्हींना राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची संमती मिळाली होती. ‘आमचें मोलें’ या नावाने जी मोहीम उभी राहिली तिच्यात तरुण जीवशास्त्रज्ञ, वास्तुविशारद, वकील, चित्रकार आणि महाविद्यालयीन मुलं होती. चित्रकारांनी घाटातला धनेश, फुलपाखरं, बेडूक आणि दूधसागरच्या दऱ्या रंगवून त्या समाजमाध्यमांवर सोडल्या. ज्याने मोले कधी पाहिलं नव्हतं त्यालाही तिथे काय पणाला लागलंय ते दिसलं. एवढं कुणीही केलं असतं. पण चित्रांच्या मागे दीडशेच्या आसपास शास्त्रज्ञांनी आणि अभ्यासकांनी सरकारला लिहिलेलं पत्र होतं, प्रकल्पांच्या अहवालांतल्या त्रुटींची पानापानाने केलेली तपासणी होती, आणि गोवा फाउंडेशनची न्यायालयीन लढाई होती. तिकडे सासष्टीतल्या गावांनी रेल्वेविरुद्ध आपली स्वतंत्र आघाडी उघडली होती, कारण दुपदरी रूळ कोळसा आणणार ही भीती त्यांच्या दारात होती. 1 नोव्हेंबर 2020 च्या रात्री चांदर इथे रुळाचं काम सुरू होणार असं कळल्यावर हजारो लोक मेणबत्त्या घेऊन फाटकापाशी जमले आणि पहाटेपर्यंत हलले नाहीत. आयोजकांवर गुन्हे दाखल झाले. निरोप फोनवरून गेले खरे, पण रात्रभर उभं राहणारी माणसं गावच्या चर्चमधून, शेतातून आणि मासळी बाजारातून आलेली होती.

सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने एप्रिल 2021 मध्ये अहवाल दिला तो भावनांवर नव्हता. या घाटातला चढ इतका तीव्र आहे की दुसरा रूळ टाकूनही वाहतुकीत होणारी सुधारणा तुटपुंजी राहील आणि त्यासाठी पश्चिम घाटाचं जंगल उद्ध्वस्त होईल, असं समितीचं म्हणणं होतं. 9 मे 2022 रोजी न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. दरवाजा कायमचा बंद केला नाही, नव्याने अभ्यास करून प्रस्ताव आणायची मुभा ठेवली. मोलेची गोष्ट सांगणारे बहुधा चित्रं आणि मेणबत्त्यांवर थांबतात. मला वाटतं, चढाचं ते गणित त्याहून महत्त्वाचं होतं. पण लोक जागे नसते तर समितीने ते गणित मांडेपर्यंत थांबायला कुणी उरलं असतं का, हेही विचारायला हवं. दोन्ही एकमेकांना धरून चालले म्हणून निभावलं.

सरकारच्या बाजूचा संशय मात्र कमी झाला नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये शेतकरी आंदोलनाच्या पाठिंब्यासाठी केलेल्या एका ‘टूलकिट’वरून ‘फ्रायडेज फॉर फ्यूचर’च्या भारतातल्या संस्थापकांपैकी एक, बंगळुरूची 22 वर्षांची दिशा रवी हिला राजद्रोहाच्या गुन्ह्यात अटक झाली. त्याच प्रकरणात मुंबईची एक वकील आणि बीडचा एक अभियंता यांना मुंबई उच्च न्यायालयातून, बीडच्या तरुणाला औरंगाबाद खंडपीठातून, तात्पुरतं संरक्षण घ्यावं लागलं. दहा दिवसांनी दिल्लीच्या सत्र न्यायालयाने दिशाला जामीन देताना स्पष्ट सांगितलं की सरकारच्या धोरणाशी असहमत आहेत एवढ्यासाठी नागरिकांना कोठडीत टाकता येत नाही. टूलकिट म्हणजे काय होतं? काय वाचावं, कुणाला लिहावं, कधी लिहावं याची यादी. रचना 2020 च्या हरकतींसारखीच. एका वर्षी मेलच्या विषयाची ओळ संशयास्पद, दुसऱ्या वर्षी सामायिक कागदपत्र. परदेशातल्या कुणाच्या तरी इशाऱ्यावर ही मुलं नाचतात, हा आरोप तेव्हा जोरात होता. हवामानाची चळवळ जगभर जोडलेली आहे हे खरं आहे, आणि परक्या देशात रचलेला मजकूर आंधळेपणाने पुढे ढकलणं धोक्याचं असतं हेही खरं. पण विशाखापट्टणमचा वायू आणि मोलेचा घाट बाहेरून आयात झालेले नव्हते.

मग शेवटी हाती काय आलं? ईआयए 2020 ची अंतिम अधिसूचना निघालीच नाही. मोहिमेचा विजय म्हणून हे सांगितलं जातं. मला तो अर्धा विजय वाटतो. कारण मसुद्यातल्या काही गोष्टी मागच्या दाराने आल्या. जुलै 2021 मध्ये मंत्रालयाने एक कार्यालयीन ज्ञापन काढून परवानगीविना उभ्या राहिलेल्या प्रकल्पांना नियमित करायची कार्यपद्धती ठरवून दिली. ज्ञापनासाठी राजपत्र लागत नाही, 60 दिवस लागत नाहीत, हरकती मागवाव्या लागत नाहीत. सतरा लाख लोकांनी ज्या गोष्टीला विरोध केला होता ती एका अंतर्गत कागदाने अमलात आली, आणि त्याविरुद्ध दाबायला कुठे बटण नव्हतं. इथे मोहिमेची मर्यादा उघडी पडते. जिथे दार आहे तिथे ती लाखोंना नेऊ शकते. सरकार दुसऱ्या वाटेने गेलं तर गर्दी जुन्याच दाराशी उभी राहते.

आणि आता तो 28 मार्चचा दुसरा कागद. पाचव्या नियमातच पुढे एक चौथं उपकलम आहे. जनहितासाठी आवश्यक वाटलं तर सरकार हरकती मागवण्याची अट गाळू शकतं, असं ते म्हणतं. त्याचा आधार घेऊन, टाळेबंदीच्या चौथ्या दिवशी, रस्ते आणि नळमार्गांसारख्या लांबट प्रकल्पांसाठी माती उपसायला पर्यावरण परवानगीतून सूट देण्यात आली. किती माती, किती क्षेत्र, कसला प्रकल्प, कशाचीच मर्यादा नाही. इन्स्टाग्रामच्या चौकटी याच्यावर झाल्या नाहीत, कारण याला हरकतीची मुदतच नव्हती आणि मुदत नसलेल्या गोष्टीवर मोहीम बांधता येत नाही. केरळमधल्या एका वकिलाने तो हरित लवादात आणि मग सर्वोच्च न्यायालयात नेला. मार्च 2024 मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. संजय करोल यांनी ती सूट रद्द केली. टाळेबंदीने असे प्रकल्प तेव्हा ठप्पच झाले होते, मग लोकांना न विचारता घाईने सूट द्यायचं जनहित कोणतं, असा न्यायालयाचा सवाल होता. सरकारकडे त्याचं उत्तर नव्हतं. चार वर्षं लागली, एकाही हॅशटॅगशिवाय. लाखो हरकतींच्या मोहिमेला हिणवणाऱ्यांनी यावरून एकट्याची याचिकाच खरी असा निष्कर्ष काढू नये. 2020 च्या उन्हाळ्यात हरकत हा शब्द घराघरांत गेला नसता तर ती गाळली गेल्याचं दुःख कुणाला कळलं असतं? पण हेही तितकंच खरं की मोहीम ज्या आठवड्यात जन्मली त्याच आठवड्यातला हा कागद तिच्या नजरेतून सुटला.

मागाहून परवानगीचा मूळ मुद्दा मुंबईच्या ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेतून पुढे गेला. 16 मे 2025 रोजी, निवृत्तीला आठवडाभर उरला असताना, न्या. ओक आणि न्या. उज्ज्वल भुयाँ यांनी अशाच मागाहूनच्या परवानगीची 2017 ची अधिसूचना आणि 2021 चं ते ज्ञापन, दोन्ही बेकायदा ठरवली आणि पुढे अशी परवानगी कोणत्याही रूपात द्यायला मनाई केली. सहाच महिन्यांनी, 18 नोव्हेंबर 2025 ला, तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. सरन्यायाधीश भूषण गवई यांनी सुमारे 20,000 कोटींचे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील याकडे बोट दाखवलं. न्या. भुयाँ यांनी असहमतीचा स्वतंत्र निकाल लिहिला. रुग्णालय किंवा विमानतळ उभा राहिल्यावर तो पाडायचा का, हा बहुमताचा प्रश्न पोकळ नाही. पण तो प्रश्न उद्भवतो तोच मुळी आधी बांधून मग विचारायची मोकळीक असल्यामुळे, आणि 2020 मधल्या मुलांची हरकत नेमकी त्या मोकळिकीवर होती. पाचव्या नियमाने सरकारवर हरकतींचा विचार करायचं बंधन घातलं आहे, त्या का फेटाळल्या हे लोकांना लिहून सांगायचं बंधन घातलेलं नाही. त्यामुळे हा वाद पुन्हा न्यायालयासमोर उभा राहील तेव्हा त्या सतरा लाख ईमेलना सरकारने काय उत्तर दिलं, हे दाखवायला दोन्ही बाजूंकडे कागद नसेल.